शेवटी कोण आलं?

निकाल लागला की आमच्या क्लासची पानभर जाहिरात यायची. वर संचालक सरांचा हात जोडलेला फोटो, खाली टपालाच्या तिकिटाएवढे शंभर-सव्वाशे चेहरे आणि प्रत्येकाच्या खाली गुण. ती जाहिरात शेजारच्या चाचांइतकी मन लावून वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन ते एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवायचे. पान संपलं की उलटं करून मागच्या बाजूला काही आहे का बघायचे आणि मग मला विचारायचे, "सर, शेवटी कोण आलं?"

"शेवटी म्हणजे?"

"म्हंजे सगळ्यात मागं. त्येचा फोटू कुटं हाय?"

मी हसायचो. शेवटच्याचा फोटो कोण छापतो?

"पयल्याचं काय, सर," चाचा म्हणायचे, "त्येला सगळी दुनिया बघून राहिली. शेवटला घरी पोचला का न्हाई, ते कोन बघावं?"

हा प्रश्न त्यांनी हैदराबादच्या रेसकोर्सवरून आणला होता. तिथे त्यांनी वीस-बावीस वर्षं सईस म्हणून काढली. सईस म्हणजे घोड्याला खरारा करणारा, चारा घालणारा, त्याच्याशी बोलणारा माणूस. शर्यत सुटली की लोक जिंकणाऱ्या घोड्याकडे धावायचे आणि चाचा खांद्यावर झूल टाकून कठड्यापाशी उभे राहायचे, कारण त्यांच्या वाट्याला आलेली घोडी बहुतेक शेवटीच यायची. ती येईपर्यंत मैदान रिकामं झालेलं असायचं. "मी हुबा ऱ्हायचो म्हनून ती यायची," ते सांगायचे. "न्हाईतर मधूनच कुटं गेली असती."

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांच्याकडे नऊ घोडी होती. लातूरहून रेणापूरकडे जाताना डाव्या हाताला त्यांच्या आईच्या वाट्याची चार एकर जमीन होती. तिच्यावर पत्र्याच्या शेडा, दोन कडुनिंब आणि एक पाण्याचं टाकं, एवढंच. दगडाची एक भिंत नव्हती. भूकंपात औशाकडच्या त्यांच्या गावी थोरल्या भावाचं दगडी घर बसलं. त्याबद्दल चाचा कधी बोलले नाहीत. फक्त कुणी सांगितलं की चाचा, शेडीला दगडाचा पाया घाला, उन्हाळ्यात गार राहील, तर ते म्हणायचे, "दगडाखाली कुनी झोपायचं न्हाई. मानसानं बी न्हाई, जनावरानं बी न्हाई."

आणि घोडीसुद्धा त्या भूकंपातूनच आली होती. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती बनवलेली वाटली, पण त्या भागातले चार जण तेच सांगतात. भूकंपानंतर सगळ्या देशातून मदतीचे ट्रक येत होते. घोंगड्या आल्या, तांदूळ आला, शिलाई मशिनी आल्या, टायसुद्धा आले. पोरांनी ते म्हशींच्या गळ्यात बांधले. अशा दिवसांत एके सकाळी एका ट्रकातून तीन घोडी उतरली. मुंबईच्या कुणा शर्यतवाल्या शेठला वर्तमानपत्रातले फोटो बघून भरून आलं होतं. त्याची तीन घोडी त्याच महिन्यात शर्यतीतून निवृत्त झाली होती. शेतकऱ्यांना नांगराला उपयोगी पडतील, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं.

मदतसाहित्य वाटणाऱ्या कारकुनापुढे मोठाच पेच पडला. त्याच्या रजिस्टरात धान्य, कपडे, भांडी आणि इतर असे चार रकाने होते. त्याने घोडी "इतर"मध्ये मांडली आणि वाटपासाठी तंबूच्या दोरीला बांधली. दोन दिवसांत त्यांनी तंबू पाडला. भूकंपाने आधीच घाबरलेली माणसं पुन्हा ओरडत बाहेर पळाली. शेवटी कुणीतरी सांगितलं की अमक्याचा धाकटा भाऊ हैदराबादला घोड्यांचंच करतो, मयतीसाठी आलाय. कारकुनाने त्यांच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि तिन्ही लगाम हातात दिले. चाचांना चांगली सही करता येत होती. पण पीडितांचा ठसाच घ्यायचा, असा नियम होता.

इतरांना भूकंपानंतर पत्रे मिळाले, चाचांना घोडी. ते परत हैदराबादला गेलेच नाहीत. पुढे रेसकोर्सवाल्यांना कळलं की मराठवाड्यात एक माणूस म्हातारी घोडी ठेवून घेतो. मग पुण्याहून, हैदराबादहून, कुठून कुठून घोडी येऊ लागली. पाठवणारे वर्षाकाठी थोडीफार मदत धाडायचे आणि बरेच जण पहिल्या वर्षानंतर विसरून जायचे.

आलेल्या घोड्याचं जुनं नाव चाचा पहिल्याच दिवशी टाकून द्यायचे. ती नावं विजांची, वादळांची, बाणांची असत. चाचांनी नवीन नावं ठेवली ती सगळी सुट्ट्यांची. एक दिवाळी होती, एक ईद, एक जुम्मा. एका लाल घोड्याचं नाव 'मे महिना' होतं. पहिल्या ट्रकातून आलेली एक भुऱ्या रंगाची घोडी होती, तिचं नाव इतवारी. "आयुष्यात एक सुट्टी मिळाली न्हाई ह्यांना," चाचा म्हणायचे. "आता नावानं तरी मिळू द्या."

आमच्या क्लासला रविवारी सकाळी सहा ते नऊ साप्ताहिक परीक्षा असे आणि दिवाळीत 'दिवाळी क्रॅश बॅच'. तेव्हा ह्या नावांची मला गंमत वाटायची.

चाचांच्या फाटकावर एका पत्र्यावर चुन्याने लिहिलेलं होतं: इथं पळायचं न्हाई. हा नियम घोड्यांसाठी नव्हता, माणसांसाठी होता. कुणी घाईघाईने आत आला की चाचा त्याला पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसवायचे आणि घाम वाळेपर्यंत बोलायचेच नाहीत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस पाऊण तास बसून होता. मानसाची घाई घोड्याला लागते, असं चाचांचं म्हणणं. ते स्वतः इतके सावकाश चालायचे की लांबून ते येताहेत का जाताहेत, हे कळायला वेळ लागे.

त्या जमिनीला लागून आमच्या क्लासचं निवासी संकुल उभं राहिलं. भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती आणि लातुरात जिकडे बघावं तिकडे क्लास निघत होते. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं यायची, पेट्या आणि गाद्या घेऊन. मी कंधारचा. भौतिकशास्त्र शिकवायला आलो आणि दोन वर्षांत ह्या नव्या संकुलाचा समन्वयक झालो. समन्वयक म्हणजे वेळापत्रक करणारा. आणि घंटा वाजवणारा. विजेची मोठी घंटा होती, तिचं यंत्र माझ्या खोलीत भिंतीवर होतं. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत ती दिवसातून एकोणीस वेळा आपोआप वाजायची. यंत्राखाली एक लाल बटण होतं, अडीअडचणीला हाताने वाजवण्यासाठी.

पहिल्या दिवशी घंटा वाजली आणि पलीकडे नवाच्या नऊ घोड्यांनी माना वर केल्या. शर्यतीत फाटकं उघडताना अशीच घंटा वाजते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नऊही सुटली ती कुंपणापर्यंत. तिथे थांबली आणि आता काय, अशा चेहऱ्याने उभी राहिली. हॉस्टेलच्या खिडक्यांतून पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे आठवडाभर पोरं कुठला घोडा पहिला येणार यावर पैजेला गृहपाठ लावत होती. दिवाळीवर लावणाऱ्या एका पोराने तीन दिवस एकही गणित सोडवलं नाही.

चौथ्या दिवशी चाचा माझ्याकडे आले. दारात चपला काढल्या आणि उभेच राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद होता.

"दरखास्त आनलीय, सर."

मी कागद उघडला. एवढंच लिहिलं होतं: घंटीच्या जागी लोखंडी टोल लावावा, हाताने मारायचा. घोड्यांना टोल ओळखीचा नाही.

खरं सांगायचं तर यात अवघड काही नव्हतं. रुळाचा एक तुकडा आणि एक हातोडी एवढ्यावर भागलं असतं. मी म्हणालो, "बघतो."

संध्याकाळी बायकोला ही गंमत सांगितली. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही 'बघतो' म्हणालात का? मग त्यांना घोड्यांची दुसरीकडं सोय करायला सांगा."

मी संचालक सरांना विचारलं, पण कसं विचारलं तेही सांगायला हवं. मी हसत हसत विचारलं, म्हणजे त्यांना नाही म्हणायला सोपं जाईल. ते म्हणाले, "सर, घोडं काय अन् पोरगं काय. रूटीन लागायला पंधरा दिवस लागतेत. रडतेत, पळतेत, मग गप बसतेत. आपल्याला अनुभव हाय की."

आणि त्यांचं खरं ठरलं. महिना-दीड महिन्यात दिवाळी गप झाली, ईद गप झाली, मे महिना तर घंटा वाजली तरी कडबा चघळत उभा राहू लागला. फक्त इतवारी ऐकेना. घंटा वाजली की ती सुटायची. अठरा-एकोणीस वर्षांची म्हातारी घोडी, पुढचा उजवा पाय अधू. जनावरांच्या डॉक्टरांनी चाचांना बजावलं होतं की ही अशीच पळत राहिली, तर एक दिवस तो पाय जाईल आणि पाय गेला की घोडी गेली.

"हिलाच का कळत नाही?" मी चाचांना विचारलं.

"ही कवाच जितली न्हाई, सर. जितलेला घोडा इसरून जातो. जी जितली न्हाई तिला वाटतं, अजून एक डाव हाय."

हे मी संचालक सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे रिपीटर हाय की," ते म्हणाले.

चाचांनी तिच्या कानात कापूस घालून पाहिला. तिने मान झटकून काढला. बांधून पाहिलं, तर घंटेला तिने असा हिसका दिला की खुंटी उपटून आली आणि दोराने मान सोलली. मग ते पुन्हा माझ्याकडे आले. ह्या वेळी दरखास्त नव्हती.

"सर, तुमचं टाइमटेबल द्या मला."

मी एक प्रत दिली. ती त्यांनी शेडीच्या खांबाला खिळ्याने ठोकली. त्या दिवसापासून प्रत्येक घंटेच्या पाच मिनिटं आधी चाचा इतवारीपाशी जाऊन उभे राहू लागले. तिचं डोकं छातीशी धरायचं, दोन्ही कान दोन्ही तळव्यांनी झाकायचे आणि घंटा होऊन जाईपर्यंत काहीतरी पुटपुटत राहायचं. दिवसातून एकोणीस वेळा. पाहुण्यांकडे जाणं सुटलं, लग्नं सुटली. बाजार दोन घंटांच्या मध्ये बसेल तेवढाच.

माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून हे दिसायचं. आमच्या सहाशे पोरांत वेळापत्रक इतकं काटेकोर पाळणारा एकही नव्हता. संचालक सरांनी पालक सभेत त्यांचं उदाहरण दिलं. "शेजारी एक अडाणी माणूस हाय," ते म्हणाले, "पण दोन वर्षांत त्यानं आपला एक तास चुकवला नाही. याला म्हणतेत कल्चर." पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टोलाचं मी अजून बघतच होतो.

ह्या सगळ्यात मी एक चांगलं काम केलं आणि ते मी पुष्कळांना सांगितलं. चाचांना शुक्रवारी नमाजाला रेणापूरला जायचं असे. आमची जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. तेवढ्यात सायकलवर, तीही त्यांच्या चालीने, जाऊन येणं होत नसे. मी शुक्रवारची घंटा पावणेदोनवरून सव्वादोनवर नेली. अर्धा तास बुडतो म्हणून संचालक सर कुरकुरले, पण मी सांगितलं की भोजनोत्तर विश्रांतीने स्मरणशक्ती वाढते.

चाचांनी मला गाजरं आणून दिली. "सर, जुम्म्याला एक ते सव्वादोन इतवारी तुमच्या हवाली," ते म्हणाले.

"निर्धास्त जा, चाचा. यंत्र आहे. मिनिटाची चूक करणार नाही."

"यंत्राची फिकीर न्हाई मला," चाचा म्हणाले. मी तेव्हा ह्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या शुक्रवारी नांदेडहून आठ-दहा पालक आले होते. मोठी माणसं होती, पुढच्या वर्षी तिकडची पोरं कुठल्या क्लासला जायची हे त्यांच्या शब्दावर ठरणार होतं. मला उपप्राचार्य करायचं संचालक सरांच्या मनात होतं आणि ते त्यांनी मला त्याच सकाळी सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर सगळे माझ्या खोलीत आले. खिडकीतून पलीकडचं दिसत होतं. कडुनिंबाखाली इतवारी मोकळी उभी होती, डोळे अर्धे मिटून. बाकीची घोडी शेडीत होती.

"आमच्या शिस्तीचं काय सांगावं," संचालक सर म्हणाले. "शेजारचं घोडं सुदिक आमच्या घंटीवर पळतंय."

"काय सांगता?" एक कापडवाले पालक म्हणाले. "घोडं बी क्लासला हाय का?"

सगळे हसले.

"दाखवा की, सर," संचालक सर मला म्हणाले.

"सर, आत्ता सुट्टी चालू आहे."

"मग काय झालं? एकदाच."

"त्या घोडीचा पाय—"

"सर," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी घड्याळात पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं. चाचा ह्या वेळी रेणापुरात असणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. शिपायाला धाडून घोडी धरायला लावावी, असंही मनात आलं. पण तिला चाचांशिवाय कुणी धरू शकत नव्हतं आणि पाहुणे उभे होते. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय की माझ्यावर दबाव होता. होता. पण बटण दाबायला दबाव लागत नाही, बोट लागतं. ते माझं होतं.

घंटा वाजली. खाली भोजनगृहात सहाशे पोरांनी अर्ध्या पोळ्या ताटात टाकल्या आणि तोंडातला घास चावत वर्गात जाऊन बसली. एकानेही घड्याळ बघितलं नाही. आणि पलीकडे इतवारी सुटली.

तिला मी फार दिवसांनी पळताना बघत होतो. दोन वर्षं ती मला चाचांच्या छातीत तोंड खुपसलेली दिसली होती. मान पुढे, कान मागे, धूळ उडवत ती कुंपणाकडे निघाली आणि दोन-तीन क्षण मला ते सुंदर वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बटणापेक्षा मला ह्याची जास्त लाज वाटते.

कुंपणापाशी वळताना तिचा पुढचा पाय मुडपला आणि ती खांद्यावर पडली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बसायला शिकवलंय.

मी खाली धावलो, कुंपण ओलांडून तिच्यापाशी गेलो. पाय गुडघ्याच्या खाली भलत्याच दिशेला वळला होता. ती उठायची धडपड करत होती. डॉक्टरांना निरोप गेला. तेवढ्यात फाटकापाशी चाचांची सायकल दिसली. त्यांनी गर्दी बघितली, घोडी बघितली. सायकल खांबाला टेकवली. आणि ते चालत आले. नेहमीच्याच चालीने, तितकेच सावकाश. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही काय झालंय. जवळ आल्यावर बघितलं तर त्यांची नजर घोडीवरून हलत नव्हती.

त्याच संध्याकाळी ते मला म्हणाले, "ती माझ्याकडं बघून राहिली व्हती. मी पळलो असतो तर ती उठली असती."

त्यांनी बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान झाकले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तरी त्यांनी हात काढले नाहीत. संध्याकाळी जेसीबीने खड्डा झाला, माती लोटून झाली, लोक गेले. आम्ही दोघेच राहिलो.

"कितवी आली?" चाचांनी विचारलं.

"अं?"

"पळाली न्हवं. कितवी आली?"

"एकटीच होती, चाचा."

"म्हंजे पयली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "अन् शेवटली बी."

मग त्यांनी मला विचारलं, "घंटी कशी वाजली, सर?"

मी मातीकडे बघत म्हणालो, "यंत्र बिघडलं होतं."

चाचांनी मान हलवली. "असंल. मशीन हाय, तिचा काय कसूर." आणि उठून त्यांनी मला चहा करून दिला. गार व्हावा म्हणून बशीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर इतवारीचा फोटो होता. तो तिचा नव्हता, कुठल्यातरी पांढऱ्याशुभ्र घोड्याचा होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त विद्यार्थी व पालक परिवार' आणि त्याच्याखाली 'पुढील वर्षाचे प्रवेश सुरू'. संचालक सर स्वतः चाचांना भेटायला गेले, शाल देऊन आले. नांदेडचे कापडवाले पालक गेले आणि दोन पोती हरभऱ्याचा भुसा ठेवून आले. पोरं गेली, गाजरं घेऊन. घोडीवरून गृहपाठ लावणारा तो पोरगा रडला म्हणतात. शिपाई गेला. पंधरा दिवसांनी घंटा काढून टाकली आणि तिच्या जागी बासरीची धून बसवली, कारण घंटेने मुलांवर ताण येतो, असं संचालक सरांनी कुठेतरी वाचलं. मी उपप्राचार्य झालो. त्या खोलीला खिडकी दुसऱ्या बाजूला होती, ते एक बरं झालं.

दर जूनमध्ये मी चाचांकडे नवीन वेळापत्रक पाठवत राहिलो. त्याची आता गरज नव्हती. दुसरं काय पाठवावं, हे मला सुचत नव्हतं. स्वतः मात्र गेलो नाही. रस्त्यावर ते सायकलवरून दिसले की मी हात वर करायचो आणि तेही करायचे. यात नऊ वर्षं गेली.

मागच्या वर्षी मला छातीत दुखल्यासारखं झालं. काही निघालं नाही, पण डॉक्टरांच्या दारात रांगेत बसलेलो असताना मी ठरवलं. एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी पलीकडे गेलो. आता चारी बाजूंनी इमारती झाल्या आहेत. प्रत्येकीवर चेहरे लावलेत, नुसते चेहरेच चेहरे. मध्ये ती चार एकर तशीच. घोडी दोन राहिली होती, जुम्मा आणि एक नवीन आलेली, तिचं नाव अजून ठरायचं होतं. चाचा फार थकले होते. रेणापूरला जाणं सुटलं होतं. शेडीत खाटेवर बसून होते. वरच्या खांबाला माझी वेळापत्रकं एकावर एक ठोकलेली होती.

त्यांनी मला घमेल्यावर बसायची खूण केली. घाम वाळेपर्यंत मी बसलो. मग म्हणालो, "चाचा, ती घंटा. यंत्र बिघडलं नव्हतं. ती मी—"

"म्हाईत हाय."

माझं वाक्य अर्धंच राहिलं. नऊ वर्षं घोकलेली कबुलीसुद्धा मला पूर्ण करता आली नाही.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" त्यांनी खांबाकडे हात केला. "दोन साल मी तिच्यापाशी हुबा व्हतो, सर. एक मिंट न्हाई चुकली मशीन. मशीन सुट्टीच्या मधीच कामून वाजंल?"

"मग तुम्ही बोलला का नाही? मला शिव्या तरी द्यायच्या होत्या."

जुम्मा कडबा खात होता, त्याचा आवाज येत होता.

"सायेब आले, शाल देऊन गेले," ते म्हणाले. "नांदेडवाले आले. पोरं आली. शिपाई आला. म्या मनलं, एकजन मागं राहिलाय. त्यो कवा येतो, बघू. हितंच बसून हाव."

मी मान खाली घातली. ते हसले असावेत.

"पोचलात न्हवं? बस झालं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. टोल लावला नाही, ते बोलायचं होतं. त्या दोन-तीन क्षणांचं बोलायचं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे बासरी वाजली. चाचांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. नऊ वर्षांनीही त्यांचे दोन्ही तळवे मांडीवरून थोडे वर उचलले गेले आणि परत खाली आले.

"सव्वादोन झाले," ते म्हणाले. "जा. तुमचा तास हाय."

आणि मी उठलो. खरंच तास होता. रिपीटर बॅच होती, दीडशे पोरं वर्गात वाट बघत होती, आणि उपप्राचार्यच उशिरा आला तर बरं दिसत नाही. मी कुंपणाच्या कडेने, इतवारी पडली होती त्या जागेवरून, फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"सर, हळू. हितं पळायचं न्हाई."

मी पळत होतो, हे मला तेव्हा कळलं.